हॉर्न वाजवला की वायपर हलायचे

हॉर्न वाजवला की वायपर हलायचे. फक्त एकदा, अर्ध्यापर्यंत जाऊन परत, नाकावरची माशी हाकलावी तसे. ब्रेक दाबला की उजवीकडचा इंडिकेटर मंदपणे पेटायचा. हेडलाइट लावले की पेट्रोलचा काटा एकदम खाली बसायचा, जणू टाकीच रिकामी झाली. आणि एखाद्या दिवशी यातलं काहीही व्हायचं नाही, सगळं सुतासारखं सरळ चालायचं. त्या दिवशी माझा सगळ्यात जास्त संताप व्हायचा. समोर उभ्या राहिलेल्या बिघाडाशी माणूस भांडू शकतो, लपून बसलेल्याशी कसं भांडणार?

मी मुंबईतल्या एका कारखान्यात छत्तीस वर्षं इलेक्ट्रिक खात्यात काढली, शेवटची बारा वर्षं फोरमन म्हणून. मोठ्या मोटारी, पॅनेलं, भिंतभर पसरलेले स्विच. कुठे ठिणगी उडाली की लोक आधी मला बोलवायचे, मग मॅनेजरला. याचा मला अभिमान होता आणि तो मी लपवायचो नाही. रिटायर झाल्यावर वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेतला आणि पहिल्याच महिन्यात कळलं, की इथे माझ्यासाठी काही बिघडणार नाही. बायको म्हणायची, "अहो, जरा स्वस्थ बसायला शिका." मी घरातले तीनही पंखे उतरवून साफ केले. मग तिने मला रविवारी सकाळी भाजी आणायला सोबत न्यायला सुरुवात केली, बहुधा उरलेली उपकरणं वाचवायला.

त्या भाजीच्या निमित्ताने गाडी भेटली. रूळ ओलांडून पश्चिमेला गेलं की वस्ती विरळ होत जायची आणि केळीच्या वाड्या लागायच्या. तिथल्या एका म्हाताऱ्या ख्रिस्ती शेतकऱ्याच्या वाडीतून आम्ही केळी आणि अळू घ्यायचो. वय ऐंशीच्या आसपास, कमरेत वाकलेले, डोळे मात्र तल्लख. गाव त्यांना बाबा म्हणायचं, म्हणून आम्हीही बाबा म्हणू लागलो. त्यांच्या गोठ्याच्या कडेला झावळ्यांखाली काहीतरी झाकलेलं होतं. मी सहज झावळी उचलली. खाली दोन सीटची, बिनटपाची, लांब नाकाची विलायती गाडी. चाकं मातीत रुतलेली, सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली.

बाबांचे थोरले भाऊ मुंबईत एका गोऱ्या साहेबाचे ड्रायव्हर होते. साहेब देश सोडून जाताना गाडी त्यांना देऊन गेला. भाऊ वारले तशी गाडी झावळ्यांखाली गेली. मी पाच रविवार त्या गाडीभोवती घुटमळलो. सहाव्या रविवारी बाबा म्हणाले, "ने. पन एक शब्द दे. माजी नात लग्नाला उभी राहील, तवा ह्याच गाडीतून चर्चला जाईल. तिची आजी ह्यातूनच गेली."

मी शब्द दिला. तेव्हा नात कॉलेजात होती आणि माझ्यापुढे मोकळी वर्षंच वर्षं होती. शब्द देताना माणसाच्या हातात कॅलेंडर नसतं.

दोन वर्षं मी त्या गाडीत राहिलो म्हटलं तरी चालेल. बिल्डिंगच्या खांबांमधली पार्किंगची जागा माझा कारखाना झाली. इंजिन एका जुन्या मेकॅनिककडून बांधून घेतलं, पण वायरिंगला मात्र कुणाला हात लावू दिला नाही. जुन्या वायरींचं कापड उंदरांनी खाल्लं होतं. मी एकूणएक वायर नवी ओढली, प्रत्येक टोकाला नंबर घातला, पुठ्ठ्यावर नकाशा काढला. रंग द्यायच्या आधी, उघड्या पत्र्याच्या गाडीत, सगळं चालवून पाहिलं. दिवे, हॉर्न, वायपर, सेल्फ. एकही चूक नाही. बायकोला खाली बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "हातच्या काकणाला आरसा कशाला? चालतंय की." माझ्या आयुष्यातल्या चांगल्या संध्याकाळींपैकी ती एक होती.

मग रंग. वसईच्या किनाऱ्यावरच्या पाचूबंदरचा एक रंगारी मला कुणीतरी सुचवला. जन्म होड्या रंगवण्यात गेलेला कोळी, पन्नाशीचा, बोलायला तिखट, कामाला चोख. नारळी पौर्णिमेला होड्या समुद्रात गेल्या की त्याचा हात रिकामा व्हायचा, म्हणून तो यायला तयार झाला. सायकलच्या दांडीला डबे बांधून तो रोज पाचूबंदरहून एव्हरशाईनला यायचा. नेमके त्याच पंधरा दिवसांत मी बायकोच्या भावाकडे साताऱ्याला गेलो होतो. परत आलो तर खांबांमध्ये हिरवीगार, काळपट पाण्यासारखी खोल चमकणारी गाडी उभी. रंगारी हात पुसत म्हणाला, "साहेब, खारं वारं लोखंडाला खातं. मी होडीचा एक खिळा बी उघडा ठेवत नाय. तुमच्या गाडीचा पन एकूनएक नट खोलला, खाली रंग मारला, मंग बसवला. तीन तीन हात. एक पन जागा कोरडी नाय."

मी ऐकलं, पण कारागिराची फुशारकी म्हणून ऐकलं. वा वा म्हटलं आणि बॅटरी जोडायला वाकलो.

हॉर्न दाबला आणि वायपर हलले.

बाबांच्या नातीचं लग्न ठरलं ते त्याच सुमारास. नाताळ आटोपल्यावर, जानेवारीत. म्हणजे माझ्या हातात साधारण तीन महिने होते. मला ते भरपूर वाटले.

पहिला महिना मी शिस्तीने गेलो. एक एक सर्किट सोडवलं, नकाशाशी ताडून पाहिलं. बायको ड्रायव्हरच्या सीटवर बसायची, मी मागे दिव्यांपाशी उकिडवा. "ब्रेक!" मी ओरडायचो. ती दाबायची. "सोड!" ती सोडायची. "इंडिकेटर!" असं तासभर चाललं की ती म्हणायची, "मी वर कुकर लावलाय." सोसायटीतली माणसं जिने उतरताना उभी राहून बघायची. एकाने विचारलं, "काका, इंजिन आहे ना आत?" त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललो नाही.

माझ्याकडे एक टेस्टिंग बल्ब होता. एका होल्डरला दोन वायरी, बस. कारखान्यात पहिल्या पगारातून बनवलेला. तो सांगेल ते मी छत्तीस वर्षं खरं मानलं. तो मी गाडीच्या प्रत्येक जोडावर लावला, अर्थिंगच्या जोडांवरही लावला. प्रत्येक ठिकाणी पेटला. म्हणजे जोड ठीक. मग बिघाड वायरीत. मग मी वायरी बदलल्या. नव्या कोऱ्या वायरी काढून आणखी नव्या घातल्या. नोव्हेंबर त्यात गेला.

दर रविवारी बाबांकडे जाणं भाग होतं. ते आता दम लागल्यामुळे वाडीत जात नसत, दारातल्या खुर्चीत बसून असत. मला बघितलं की पहिला प्रश्न ठरलेला. "हॉर्न वाजतो काय रे?"

"फर्स्ट क्लास वाजतो, बाबा."

"आनि?"

"आणि काय? हॉर्न तो हॉर्न. खणखणीत."

ते माझ्याकडे बघत राहायचे, मग मान हलवून दुसरीकडे नजर वळवायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला संशय आला आहे. मी आणखी छाती काढून बोलायचो. एकदा तर म्हणालो, "कारखान्यातनं निघाली तेव्हासुद्धा एवढी चोख नसेल." खोटं बोलायला लाज वाटत होती, पण खरं बोलायला त्याहून जास्त वाटत होती. छत्तीस वर्षं इलेक्ट्रिकमध्ये काढलेल्या माणसाने काय सांगायचं, की हॉर्न दाबला की पाऊस नसताना वायपर हलतात?

डिसेंबरात बिघाड वाढला. सेल्फ मारला की इंजिन आळसावून फिरायचं, दोनदा घर्रघर्र करून थांबायचं. बॅटरी नवी होती, तरी बदलून आणली. सेल्फ खोलून बसवला. काही फरक नाही. नाताळचे कंदील पश्चिमेला घराघरांवर लागले. उरलेले दिवस मी बोटांवर मोजायला लागलो होतो.

आणि मग मी ते केलं, जे नाचता न येणारा माणूस करतो. अंगण वाकडं ठरवलं. माझ्या हातचं सगळं बरोबर होतं, उघड्या पत्र्यावर मी चालवून पाहिलं होतं, बायको साक्षीला होती. बिघडलं ते रंगानंतर. म्हणजे रंगाऱ्याने खरवडताना कुठेतरी वायर कापली आणि झाकून टाकली. मी रिक्षा करून पाचूबंदरला गेलो. तो किनाऱ्यावर एका होडीच्या पोटाखाली आडवा पडून रंग देत होता. आजूबाजूला त्याचे लोक होते. मी त्याला तिथेच, सगळ्यांसमोर, नको ते बोललो. शेवटी म्हणालो, "एक वायर कापलीस आणि माझा शब्द गेला!"

तो होडीखालून बाहेर आला. चिडला नाही, ते मला जास्त लागलं. म्हणाला, "साहेब, तुमची वायर मी हातात बी नाय धरली. नट खोलले नि रंगवले, दुसरा काय नाय केला. दर्याची आन." मग पुन्हा होडीखाली गेला आणि ब्रश चालू केला. बाकीचे मला रस्ता मोकळा करून देत बाजूला झाले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मी त्या दिवशी दिली. हे कळायला मात्र मला अजून दोन आठवडे लागायचे होते.

लग्नाला चार दिवस राहिले. सकाळची वेळ. बायको म्हणाली, "आज पूर्ण रस्ता जाऊन बघा. मी बसते बाजूला." ती नवरीच्या जागी बसली. पदर मांडीवर आवरून घेतला. इंजिन थंड होतं, म्हणून मी चोकचं बटण बाहेर ओढलं आणि सेल्फ मारला. घर्र. पुन्हा मारला. घर्र, घर्र. तिसऱ्यांदा दाबून धरला. कसला तरी करपल्याचा वास आला. डॅशबोर्डच्या खालून पांढऱ्या धुराची एक रेघ वर आली, बायकोच्या पदराच्या अगदी बाजूने. मी झटकन चोक आत ढकलायला हात लावला आणि ओरडलो. बटण तव्यासारखं तापलं होतं. तळहाताचं कातडं तिथेच राहिलं.

"उतर!" मी ओरडलो. ती उतरून खांबामागे जाऊन उभी राहिली. मी बॉनेट उघडून डाव्या हाताने बॅटरीची वायर उपटली. धूर थांबला. वरच्या गॅलरीतून कुणीतरी विचारलं, "काय झालं?"

बायकोने माझा हात नळाखाली धरला. पाणी वाहत होतं, ती खाली बघून बोलत होती. "मी उतरले. ती पोर लांब झगा घालून बसणार आहे या सीटवर. ती कशी उतरेल?" मग म्हणाली, "शब्दासाठी पोरीचा जीव नको. आज जाऊन त्यांना सांगा, गाडी येणार नाही म्हणून."

हाताला पट्टी बांधून मी दुपारी बाबांकडे गेलो. दारात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. बाबा आत कॉटवर पडून होते, छाती घरघरत होती. नात त्यांना चमच्याने पेज भरवत होती. मला बघून ते उठायला लागले. नात म्हणाली, "आजोबा, पडून राहा ना." ते ऐकेनात. उठून बसले आणि तोच प्रश्न. "हॉर्न वाजतो काय रे?"

मी सांगायलाच आलो होतो. शब्द जिभेवर होते. म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ते गिळले. "वाजतो, बाबा," मी म्हणालो. "आनि?" त्यांनी विचारलं. माझा तोल गेला. "आणि काय, बाबा? सारखं आणि, आणि!" मी एवढ्या जोरात बोललो की नातीने वाटी खाली ठेवली. बाबा पुन्हा कॉटवर आडवे झाले. तिथून बाहेर पडताना मला स्वतःची शिसारी आली.

घरी आलो तो सरळ खाली गाडीपाशी बसलो, एका स्टुलावर. काहीही न करता. रिटायर झाल्यापासून मी पहिल्यांदा काहीही न करता बसलो असेन. समोर चोकची केबल लोंबत होती, वरचं कव्हर वितळलेलं. बराच वेळ बघत राहिल्यावर एक साधा प्रश्न मनात आला, जो तीन महिन्यांत आला नव्हता. ही केबल विजेची नाहीच. ही नुसती तार आहे, बटण ओढलं की इंजिनापाशी एक झडप ओढते. हिच्यात वीज आली कुठून?

कुणी जोडली नसताना वीज या तारेतून गेली, आणि थोडीथोडकी नाही, सेल्फची सगळी वीज. म्हणजे तिला जायला दुसरी वाट नव्हती.

कारखान्यात अर्थिंग म्हणजे आमच्या लेखी संकटातला मागचा दरवाजा. काही बिघडलं तरच वीज तिकडून जायची, एरवी तो बंद असला तरी काम चालत राहायचं. पण गाडीत मागे परत जाणारी वायरच नसते. बॅटरीतून निघालेली वीज गाडीच्या लोखंडातूनच घरी परतते. जो माझा मागचा दरवाजा होता, तोच इथे रोजचा रस्ता. हे मला पुस्तकातून माहीत होतं, हातांना माहीत नव्हतं. परतीचा रस्ता बंद झाला की वीज शेजाऱ्याच्या घरातून वाट काढते. हॉर्नची वीज वायपरमधून, ब्रेकची इंडिकेटरमधून, सेल्फची चोकच्या तारेतून.

आणि रस्ता बंद कुणी केला? "एक पन जागा कोरडी नाय." मला रंगाऱ्याचा तो आवाज जसाच्या तसा ऐकू आला.

डाव्या हाताने पाना घेतला. इंजिन आणि चॅसी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, जोडणाऱ्या जाड पट्टीचा नट सोडवला. पट्टीखाली हिरवा रंग. नखाने खरवडला, त्याखाली तपकिरी थर, त्याखाली आणखी एक. तीन हात. गुळगुळीत, आरशासारखे. लोखंडाचा लोखंडाला स्पर्शच नव्हता. नुसता बोल्टचा आटा कुठेतरी टेकत होता. तेवढ्या टेकण्यावर माझा टेस्टिंग बल्ब खुशाल पेटत होता, कारण बल्बाला वीज लागते चिमूटभर. सेल्फला लागते पोतंभर. छत्तीस वर्षांचा साक्षीदार तीन महिने माझ्याशी खोटं बोलला होता. खोटं तरी कसं म्हणू? मी विचारलं तेवढंच त्याने सांगितलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मी वर जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आता खरवडायच्या आधी पाचूबंदरला जा." मी म्हणालो, वेळ नाही, चार दिवसच आहेत. ती म्हणाली, "शिव्या द्यायला वेळ होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. तोच किनारा, तीच माणसं. जितक्या लोकांसमोर बोललो होतो तितक्यांसमोरच माफी मागायची, असं रिक्षात ठरवलं होतं. तिथे पोहोचल्यावर मात्र "माझी चूक झाली," एवढंच म्हणालो. मग त्याला सगळं समजावलं. तो ऐकत होता. माझ्या हाताची पट्टी बघून म्हणाला, "भाजला?" मी हो म्हटलं. त्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "मंजे मी जास्तीच चांगला काम केला," तो म्हणाला आणि हसला. मला हसू आलं नाही, डोळ्यांत पाणी आलं.

मी त्याला विचारलं, नटाखालचा रंग काढला तर खाऱ्या हवेत गंज धरणारच ना? तो म्हणाला, "आधी लोखंडाला लोखंड भेटू दे. घट्ट आवळ. मंग वरनं मी रंग मारतो. आत पानी जायालाच वाट नाय." किती सोपं होतं. उरलेल्या दिवसांत मी पॉलिश पेपरने अर्थिंगच्या अकरा जागा खरवडून चकचकीत केल्या, आवळल्या, आणि तो मागोमाग ब्रश घेऊन वरून बंद करत गेला. बायको दोघांना चहा आणून द्यायची. चोकची केबल नवी घातली. हॉर्न दाबला तेव्हा मी काचेकडे बघायला घाबरत होतो. वायपर जागचे हलले नाहीत.

तरी लग्नाच्या दिवशी मला सकाळपासून अन्न गेलं नाही. दुपारी चारचं लग्न. गाडीला मोगऱ्याच्या माळा बांधल्या, त्यासुद्धा सुतळीने. तार मी बांधू दिली नाही. रंगारी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, पिशवीत ब्रश आणि छोटा डबा. "लागला तर," तो म्हणाला. बायको मांडवात बायकांमध्ये उभी होती, पण लक्ष माझ्याकडे होतं.

नात रडत रडत आली. पांढरा झगा दोन्ही हातांनी आवरून माझ्या बाजूला बसली. आईच्या गळ्यात पडून झालं होतं, तरी हुंदके थांबत नव्हते. मी चोक ओढला. सेल्फ मारला. एका फटक्यात इंजिन सुरू. पट्टीच्या हाताने चोकचं बटण चाचपलं. थंडगार.

बाबांना चर्चपर्यंत जाणं शक्य नव्हतं. त्यांची खुर्ची मांडवाच्या तोंडाशी आणून ठेवली होती. मी गाडी हळूहळू त्यांच्यापर्यंत नेली आणि थांबवली. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, आतली थरथर बघत असावेत. मग म्हणाले, "हॉर्न मार."

मी मारला. खणखणीत वाजला. वायपर स्थिर. मी अभिमानाने त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. काचेकडे बघत होते.

"परत मार."

परत मारला. ते वाट बघत राहिले. मग हळू म्हणाले, "हालत नाय?"

"काय, बाबा?"

"काचंवरचं ते. हॉर्न मारला का ते हात करायचं." त्यांनी हात वर करून तसा हलवून दाखवला. "हिची आजी लाल लुगड्यात बसलेली, येवढी रडत होती. आईचं घर सोडताना कोन हसतं? भावानं हॉर्न मारला, ते हाललं, नि ती हसली. सगळा रस्ता हसत गेली. रंग नवा नवा होता, लग्नासाठी बंदरावरनं मारून आनलेला." दम लागून ते थांबले. "तू बोललास ना, सगळं पयल्यासारखं केलं."

माझ्या मागे उभा असलेला रंगारी हलला. त्याने ऐकलं होतं, आणि त्यालाही समजलं होतं, की तेव्हाही नव्या रंगानेच विजेचा रस्ता बंद केला होता. इतके रविवार म्हातारा मला "आनि?" विचारत होता. मी एकदा खरं बोललो असतो, एकदा लाज सोडून म्हणालो असतो की बाबा, हॉर्नबरोबर वायपर हलतात हो, तर त्या माणसाला किती आनंद झाला असता. त्याऐवजी मी त्याच्यावर ओरडलो होतो.

"हलतात की, बाबा," मी म्हणालो. "थंड होते म्हणून."

वायपरचं बटण डॅशबोर्डवर माझ्या डाव्या हाताशी होतं. उजव्या हाताने हॉर्न दाबला, त्याच क्षणी डाव्या अंगठ्याने बटण वर केलं. वायपर अर्ध्यापर्यंत गेले, परत आले. मी बटण खाली केलं. विजेच्या कामात मी जाणूनबुजून कधी काही खोटं केलं नव्हतं. ते पहिलं.

बाबा हसले. घरघरत, खोकत, पण तोंडभर हसले, आणि बॉनेटवर दोनदा थाप मारली. नात आधी त्यांच्याकडे बघत राहिली, मग रडता रडता तीही हसली. मांडवातून माझी बायको माझ्या डाव्या हाताकडे बघत होती.

गाडी रस्त्याला लागली, बँड पुढे गेला, मांडव केळींच्या आड गेला. आता बाबांना काही दिसणार नव्हतं. नातीने रुमालाने डोळे पुसले आणि म्हणाली, "काका, परत करा ना."

मी परत केलं. चर्च येईपर्यंत करत राहिलो.